सुविचार फळ्यावर, साबण कपाटात

प्रश्न विचारलाय एका तरुण शिक्षिकेनं. डोंगराकडची द्विशिक्षकी शाळा, नोकरीचं दुसरं वर्ष. परिपाठात रोज स्वच्छतेचा सुविचार होतो, मूल्यशिक्षणाचा तास होतो, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र रंगवलंय. तरी मुलं खिचडीच्या ताटावर तशीच बसतात, मुलांचा संडास नाक धरून जाण्यासारखा आणि मुलींचा कायम कुलपात. त्या विचारतात, नीतीचे धडे देऊन मुलांचं आरोग्य खरंच सुधारतं का, की आपण नुसते रकाने भरतोय?

सुधारतं. मात्र तुम्ही वर्णन केलंत त्या पद्धतीनं सुधारत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. आमच्या पिढीनं ती गाडी जशी चालत होती तशीच तुमच्या हवाली केली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३३ वर्षं काढली. बरीचशी साताऱ्यातल्या माणच्या दुष्काळी पट्ट्यात, शेवटची आठ पाटणकडच्या पावसात. एकीकडे पाणी नाही म्हणून घाण, दुसरीकडे चार महिने पाणी थांबत नाही म्हणून घाण. त्यामुळे 'पाणी आलं की सगळं आपोआप होईल' असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि 'संस्कार असले की पाणी लागत नाही' म्हणणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

नव्वदच्या दशकात मूल्यशिक्षण आलं तेव्हा दहा मूल्यांची यादी आली. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. आमच्या हेडमास्तरांनी ती व्हरांड्यात ऑइलपेंटनं रंगवून घेतली. स्वच्छता यात कुठं बसवायची हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. अर्थातच नीटनेटकेपणात! म्हणजे नखं, भांग, गणवेशाची इस्त्री, वह्यांची कव्हरं. कितीतरी वर्षं मीही ती तिथंच बसवत होते, आणि आज वाटतं की सगळा घोटाळा त्या एका खणात आहे. तुमच्या शाळेतला मुलांचा संडास कुणी धुवायचा हेच ठरलेलं नाही, म्हणजे तो श्रमप्रतिष्ठेचा विषय. मुलींचा संडास कुलपात आहे, तो स्त्री-पुरुष समानतेचा. दुसऱ्याच्या तोंडावर खोकणं हा संवेदनशीलतेचा. साबणानं नेमकं काय होतं हे ठाऊक नसणं वैज्ञानिक दृष्टिकोनाचा. एवढं सगळं काढून घेतलं की नीटनेटकेपणाच्या खणात भांग उरतो, आणि आपण सोमवारी सकाळी उभं राहून तोच तपासत असतो.

त्या सोमवारच्या तपासणीची एक गोष्ट सांगते. माझ्याच चुकीची आहे, म्हणून गाव सांगत नाही.

तिसरीतला मुलगा. सदऱ्याची कॉलर काळी, बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड, खाजवून खाजवून रक्त आलेलं. मी त्याला रांगेतून बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आईला सांग, स्वच्छ करून पाठवत जा." मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्याचं नाव 'खरुज्या' ठेवलं होतं. आठ दिवस तो फिरकला नाही, तेव्हा मी घरी गेले. टँकर दोन दिवसाआड यायचा, सहा माणसांत दोन बॅरल. गणवेशाचा सदरा एकच, तो आई रात्री धुवून चुलीपाशी वाळवायची. त्या रविवारी टँकरच आला नव्हता. आणि खरूज? ती होते कातडीत शिरणाऱ्या एका बारीक किड्यामुळं, अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून. रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी सांगितलं तसं मग एकाच रात्री घरातल्या सहाही जणांना मानेपासून तळपायापर्यंत औषध लावलं, वाकळा उन्हात टाकल्या, आठवड्यानं पुन्हा तेच केलं. खरूज गेली. पोरगं शाळेत आलं. पण सातवी होऊन बाहेर पडेपर्यंत तो परिपाठात रांगेच्या अगदी टोकाला उभा राहायचा. पुढं ये म्हटलं तरी यायचा नाही.

मी त्याला त्या दिवशी स्वच्छता शिकवली असं माझ्या टाचणवहीत लिहिलेलं असणार. नीतीच्या बाजूनं पाहिलं तर वर्गातल्या पस्तीस मुलांना मी शिकवलं ते एवढंच, की घाणेरड्या दिसणाऱ्या माणसाला हसायची परवानगी असते.

त्यानंतर मी सवयींच्या दोन याद्या करायला लागले. डोक्यातच, कागदावर नाही. पहिलीत अशा सवयी, ज्यांचा फायदा करणाऱ्यालाच होतो. चप्पल घालणं घ्या. आकडेकृमी ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्त पितात, पोर फिकट पडतं. चप्पल घातली की त्याचं त्याला संरक्षण. दात घासणं, नखं कापणं, हेही तसंच. या सवयी भीतीनं, लालचीनं, आईच्या धपाट्यानंसुद्धा लागतात. यांना नीती लागत नाही.

दुसऱ्या यादीत त्या सवयी, ज्यांचा त्रास मला आणि फायदा दुसऱ्याला. उघड्यावर न बसणं. तेच आकडेकृमी ज्या मातीत येतात ती माती मी घाण केलेली असते, आणि त्यावरून अनवाणी चालतं शेजाऱ्याचं पोर. क्षयाच्या पेशंटनं तोंडावर रुमाल धरणं, रस्त्यावर न थुंकणं, माठात हात न बुडवणं, डास वाढू नयेत म्हणून पाण्याचं बॅरल कोरडं करणं. इथं भीती चालत नाही, कारण भ्यायचं कारण माझ्या वाट्याला येतच नाही. वर्षातून दोनदा शाळेत जंतनाशक गोळी देतो आपण, ४०० मिलिग्रॅमची, चावून खायची. पोटातले जंत जातात. मातीत पडलेली अंडी जात नाहीत. त्या मातीचं काय करायचं हे त्या गोळीच्या हातात नाही, तिथं दुसऱ्याचा विचार करणारं माणूसच लागतं. रोगराईतला मोठा भाग या दुसऱ्या यादीतल्या सवयींवर अवलंबून असतो, आणि आपण शाळेत शिकवतो पहिली यादी.

दुसरी यादी शिकवायची कशी, हे मला डासांनी शिकवलं.

माणमध्ये त्या वर्षी डेंग्यूचा ताप होता. दुष्काळात डेंग्यू कसा, असं लोक विचारायचे. दुष्काळातच! टँकरचं पाणी साठवून ठेवावं लागतं, आणि हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. आशाताई घरोघर सांगून थकल्या. पण विकतचं पाणी ओतून द्या म्हणणं सोपं, ओतणाऱ्याला विचारा. त्यात आणखी एक गोम आहे जी फार कमी लोक सांगतात. या डासाची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर बॅरलच्या आतल्या अंगाला चिकटतात, आणि सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं की पाणी वर चढतं, अंडी भिजतात आणि अळ्या हजर. आतून नारळाच्या काथ्यानं खरडून घासलं तरच उपयोग. मग ठरलं असं की टँकर यायच्या आदल्या संध्याकाळी तळाला उरलेलं पाणी परसातल्या झाडाला घालायचं, बॅरल घासायचं, भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधायचं. पाण्याचा थेंब वाया नाही. हे फुकट न घालवण्याचं गणित बायकांना आधी पटलं, डासाचं नंतर.

सहावी-सातवीच्या मुलांच्या हातात मी मोबाइलचा टॉर्च आणि पांढरी ताटली दिली. एकेक आळी वाटून दिली. पांढऱ्या ताटलीत अळी लगेच दिसते, वळवळत खाली जाते आणि श्वास घ्यायला वर येते. काही अळ्या काचेच्या बरणीत घालून वर फडकं बांधून खिडकीत ठेवल्या. आठवड्याच्या आत बरणीत डास फिरायला लागले, पायांवर पांढरे पट्टे. पोरं तासन्‌तास बघत बसली. मग जमिनीवर खडूनं गावाचा नकाशा काढला, अळ्या सापडल्या तिथं चिंचोका, तापाचा पेशंट तिथं खडा. चौथीतल्या एका मुलीला तालुक्याला सलाइन लावलेलं होतं. तिच्या घरचं बॅरल लख्ख निघालं. चिंचोके पडले शेजारच्या गोठ्यातल्या टायरवर आणि आमच्या शाळेच्या गच्चीवर टाकलेल्या फुटक्या माठावर.

एकानं विचारलं, "बाई, मग तिला ताप आपल्यामुळं आला का?"

मला ठामपणे हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. डास काही शे मीटर उडतो, शाळेपासून तिचं घर तेवढंच होतं. "आला असेल," म्हटलं. वर्ग गप्प झाला. माझ्या सगळ्या नोकरीत मूल्यशिक्षणाचा एवढा चांगला तास मी दुसरा घेतला नाही, आणि तो वेळापत्रकात विज्ञानाचा होता. दुसऱ्या दिवशी माठ खाली आला, दर शुक्रवारी पोरं न सांगता गच्चीवर चढायला लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर विसरली, तेही सांगून ठेवते. पुन्हा नकाशा काढावा लागला. सवय एकदा लागली की लागली, हे फक्त अहवालात घडतं.

लहान वर्गांना डेंग्यू कळत नाही. त्यांच्यासाठी रांगोळीचा खेळ. सकाळी दोन मुलांच्या तळहातावर थेंबभर खोबरेल चोळायचं आणि वर चिमूटभर गुलाबी रांगोळी. कुणाला काही सांगायचं नाही. अर्धा तास त्यांना नेहमीसारखं वागू द्यायचं, पाटी मागू द्या, लंगडी खेळू द्या, पाणी पिऊ द्या. मग 'गुलाबी शोधा' म्हणायचं. दाराच्या कडीला सापडतं, खडूच्या डब्यात, माठावरच्या पेल्याला, बाईंच्या पदरालाही. आमच्याकडे एक पहिलीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची, आई रोजगाराला जायची म्हणून. गुलाबी बोटं त्या बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यावर निघाली. तिनं स्वतःच फ्रॉकनं पुसायचा प्रयत्न केला, ते पसरलं.

मग हात धुवायचे. आधी नुसत्या पाण्यानं. तेलामुळं रंग हलत नाही. मग साबणानं. निघतो. आता त्यांना सांगायचं की संडासहून आल्यावर हाताला जे राहतं तेही असंच चिकट असतं, फक्त गुलाबी नसतं. किती वेळ चोळायचं? वीस सेकंद म्हटलं तर पहिलीच्या मुलाला काय कळणार. बे एके बे ते बे दाहे वीस, सावकाश, दोनदा. पाढाही होतो. त्या खेळानंतर हात न धुता खिचडीला बसलेल्या मुलाला दुसरी मुलं ओरडायची, "ए गुलाबी!" इथं मी सावध झाले, कारण 'खरुज्या' आठवला. नियम केला की ज्यानं ओरडायचं त्यानंच उठून त्याच्या हातावर पाणी घालायचं. ओरडणं आपोआप कमी झालं.

माठाचंही जाता जाता. नळाला पाणी क्लोरीन घातलेलं येऊ दे, ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते बघायच्या तपासणीला, रंग चांगला येऊ दे, माठात एका मुलाचा हात बुडाला की संपलं. ओगराळं घ्या, लांब दांड्याचं, शंभर-दोनशेत मिळतं. तोटीचा पिंप मिळाला तर उत्तम.

आता जरा अवघड भाग. पालकसभेत स्वच्छतेवर बोललात तर निम्म्या आया म्हणतील, आमच्याकडं स्वच्छता फार असते हो बाई. खोटं नसतं ते. सारवलेलं अंगण, चिंचेनं घासलेली पितळी भांडी. आणि झाडलेला केर बांधावरून पलीकडे, गटारात. आपल्या भाषेत स्वच्छ आणि सोवळं हे दोन शब्द इतके शेजारी बसलेत की कुठला कुठं संपतो ते कळत नाही. पण सोवळं म्हणजे मला विटाळ होऊ नये, स्वच्छता म्हणजे माझ्यामुळं कुणाला रोग होऊ नये. दोन्हींची तोंडं दोन दिशांना. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, ते माणसांच्या ओंजळीनं बाटलं म्हणून गावातल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी त्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. पिण्याच्या पाण्यात शेण! सातवीच्या मुलांना हे सांगितलं की ती आधी हसतात आणि मग हसू थांबतं. सोवळं आरोग्याच्या किती विरुद्ध जाऊ शकतं हे सांगायला मला याच्याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

आणि लांब कशाला, विटाळ तुमच्याच शाळेत बसलाय. मुलींच्या संडासाला कुलूप का असतं? 'घाण होतो' म्हणून. म्हणजे सातवीतली मुलगी पाळीच्या दिवसांत सहा तास काय करते, हे कुणी विचारायचं नाही. ती घरी राहते. जी येते ती सकाळपासून पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवते, मग जळजळ. घरी कापड वापरणाऱ्या मुलींना विचारलं की ते वाळवता कुठं, तर पलंगाखाली, पत्र्याच्या मागं, दुसऱ्या कपड्याच्या आड. कडक उन्हात वाळलं पाहिजे ते कापड अंधारात ओलसर राहतं, कारण ते दिसलं तर विटाळ. मी आयांना एवढंच म्हणायचे की वर ओढणी टाका पण दोरी उन्हातली घ्या. त्यातल्या काही जणींनी ऐकलं. कुलपाच्या किल्लीचं मी असं केलं की ती ऑफिसातून काढून मुलींच्या वर्गातल्या खिळ्याला टांगली. किल्ली मागायला गुरुजींसमोर जावं लागतं, यातच निम्म्या मुली अडत होत्या. आत एक झाकणाचा डबा, एक बादली, टमरेल आणि कागद. संडास घाण झाला का? झाला, कधी कधी. धुतला.

कुणी धुतला, हा खरा मूल्यशिक्षणाचा तास. खेड्यातल्या कुठल्याही शाळेत जाऊन बघा, वर्ग कोण झाडतं: मुली. संडासात पाणी कोण ओततं: पुष्कळदा ठरावीक घरांतली मुलं, कुणी काही न बोलता, जणू ठरलेलंच. आणि मग त्याच शाळेत श्रमप्रतिष्ठेवर निबंधस्पर्धा होते, बक्षीस न झाडणाऱ्याला. मी हजेरीपटाप्रमाणं पाळी लावली, मुलगे-मुली सगळे, आणि सोमवारच्या पहिल्या पाळीत माझं नाव. एक वडील भेटायला आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "बाई, आमच्या चार पिढ्या हेच करत आल्या. पोराला शाळेत घातला तो यातनं सुटावा म्हणून." मला काही उत्तर सुचलं नाही. म्हटलं, तुमच्या मुलाचं नाव मी यादीत अगदी शेवटी लिहिते. तोवर येऊन बघत जा कोण कोण धुतंय. ते दोन-तीनदा खरंच येऊन फाटकाशी उभे राहिले. सावकाराच्या नातवाला खराटा मारताना त्यांनी पाहिलं. त्यांच्या मुलाची पाळी आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. पटलं का, ते मी त्यांना विचारलं नाही.

(मुलांच्या हातात ॲसिड कधीही नको. खराटा, पाणी, कपडे धुवायची पावडर, एवढंच. खरवडून धुण्याचं काम मोठ्यांचं. आणि शिक्षा म्हणून संडास धुवायला लावणं म्हणजे तर सगळ्यावर पाणी फिरवणं.)

कोकणात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी हाच प्रश्न फार खोलवर नेला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मला द्या म्हणून ते मागत होते, जातीनं ब्राह्मण म्हणून मिळेना, तेव्हा त्यांनी उपास धरला. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास सुरू केला. पण मला अप्पासाहेब मोठे वाटतात ते त्यानंतरच्या कामासाठी. उच्चवर्णीयांनी चार दिवस झाडू धरून प्रश्न सुटत नाही हे त्यांना दिसलं, म्हणून कणकवलीच्या गोपुरी आश्रमात ते संडासाच्या रचनेकडं वळले. असा संडास हवा की कुणालाच दुसऱ्याची घाण हातानं उचलावी लागू नये. आज आपण दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधतो त्यातही तेच तत्त्व आहे. एक भरला की दुसऱ्यावर पाइप फिरवायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा, उघडला की आत काळी भुसभुशीत माती, वास नाही. आपल्या लोकांनी तिला सोनखत म्हटलंय. सेप्टिक टँकला हे भाग्य नाही, तो भरला की कुणाला तरी बोलवावं लागतं, आणि हातानं मैला उपसायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही माणसं त्यात उतरतात, मरतात. तुमच्या शाळेत नवं बांधकाम मंजूर झालं तर व्यवस्थापन समितीत बसून एवढं तरी विचारा, की हा उपसायला कोण येणार?

गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडं हा विषय पुरा होत नाही, पण त्यांची पद्धत कुणी नीट बघत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा निरक्षर माणूस गावात आला की दिवसा झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. क्रम बघा. झाडून झालेल्या गावाला ते प्रश्न विचारायचे, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. आपण आधी कीर्तन करतो आणि झाडायला मुलींना सांगतो. त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये आर. आर. पाटलांनी ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा मी ते जवळून पाहिलं. गावंच्या गावं रात्रंदिवस राबली. पारावर बसून गटारीवर चर्चा व्हायची, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. तपासणी समिती येऊन गेल्यावर काही गावांत महिनाभरात उकिरडे परत आले, काहींत नाही आले. मला दिसलेला फरक एवढाच की जिथं सरपंचापासून सगळ्यांनी झाडलं होतं तिथं टिकलं, जिथं मजूर लावून झाडून घेतलं तिथं गेलं.

पुढं गुड मॉर्निंग पथकं आली. पहाटे टमरेल घेऊन चाललेल्याला गाठायचं, शिट्टी मारायची, गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा. आम्हा शिक्षकांनाही ड्युटी लागायची. एकदा टॉर्चच्या उजेडात उभी राहिली ती माझ्याच वर्गातल्या मुलीची आई. तिनं पदरानं तोंड झाकलं, मी टॉर्च खाली केला, दोघी काहीच बोललो नाही. नंतर कळलं, घरात संडास होता, खड्डा दगडात लागल्यामुळं पावसात तुंबायचा. लाज लावून माणूस बसायची जागा बदलतो, आणखी लांब जातो, अंधार बघून जातो. माझा या पद्धतीला तेव्हाही विरोध होता आणि आजही आहे. त्या मुलीनं दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही.

आता तुमच्या शाळेचं. एका वेळी एकच गोष्ट धरा, आणि ती जेवणाआधीचे हात असू द्या. साठ मुलांना माणशी अर्धा लिटर धरलं तर रोज तीस लिटर, म्हणजे दोन घागरी. हे पाणी कुठून येणार ते आधी ठरवा, सुविचार नंतर. नळ नसेल तर तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला खालच्या बाजूला तापलेल्या खिळ्यानं भोक पाडा, झाकण घट्ट असलं की धार थांबते, सैल केलं की सुरू होते. असे चार कॅन कुंपणाच्या तारेला बांधा. खाली केळ किंवा अळू लावा, चिखल होत नाही. तुम्ही आणि दुसरे गुरुजी रोज त्याच रांगेत उभे राहून हात धुवा, ऑफिसातल्या बेसिनवर नाही. परिपाठातला स्वच्छतेचा सुविचार महिनाभर बंद ठेवलात तरी केंद्रप्रमुख रागावणार नाहीत. रागावले तर माझं नाव सांगा.

आणि साबण. पहिल्या आठवड्यात तो जाईल, सगळीकडं जातो. माझ्याकडं गेला तेव्हा मी चोर शोधायला निघाले होते, दप्तरं तपासणार होते. मदतनीस ताई म्हणाल्या, "बाई, दहा रुपयांच्या वडीसाठी पोलिस होताय होय?" मग चौकशी केली तर तीन घरांत साबणच नव्हता. कपाटाला कुलूप लावू नका. वडीचे सुरीनं चार तुकडे करा, दोन शाळेला, दोन जायचेच आहेत असं धरून चाला. शाळेचे तुकडे कांद्याच्या लाल जाळीच्या पिशवीत घालून तारेला बांधा. जाळीवर हात चोळला की फेसही चांगला येतो, आणि पाणी निथळून जातं, वडी भिजत पडत नाही.